मूर्तिकामातली ॲलर्जी : काम सोडू नका, कारण शोधा

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचं काम चतुर्थीपुरतं नसतं. एक हंगाम संपला की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. इथल्या कच्च्या मूर्ती, म्हणजे रंगकाम व्हायचं राहिलेल्या, राज्यभरातल्या रंगकाम करणाऱ्यांकडे जातात; रंगवलेल्या मूर्ती परदेशीही जातात. एवढं काम म्हणजे तेवढे हात, आणि ते हात वर्षभर प्लास्टर, रबर, डिंक, रंग आणि थिनरमध्ये. त्यातल्या काही हातांना कधीतरी खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात बारीक फोड येतात, पापण्या सुजतात, किंवा रंगाची गन चालवताना छाती भरून येते. ‘उष्णता वाढली असेल’, ‘पाणी लागलं’, ‘गजकर्ण आहे’ असं म्हणून चतुर्थीपर्यंत ढकललं जातं. नंतर त्रास एवढा वाढतो की घरचे म्हणतात, सोड हा धंदा.

हा लेख त्या दोन्ही टोकांच्या मधल्या वाटेबद्दल आहे. ॲलर्जी मूर्तिकामाची नसते, त्यातल्या एखाद्या पदार्थाची असते. तो पदार्थ सापडला तर बहुतेकांना कारखान्यातच राहता येतं. सापडला नाही तर मात्र हळूहळू सगळंच सोडावं लागतं.

खाज आली म्हणजे ॲलर्जीच, असं नाही

कामामुळे होणारा त्वचेचा त्रास दोन प्रकारचा असतो, आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे.

पहिला नुसत्या घर्षणाचा आणि कोरडेपणाचा. प्लास्टर कातडीतलं पाणी शोषतं, थिनर तिच्यावरचं तेल काढून टाकतं, पॉलिश पेपर तिला खरवडतो आणि दिवसातून पंधरा वेळा साबण लावला की उरलंसुरलं जातं. असा त्रास पुरेसा मारा झाला तर कोणालाही होईल. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, आग होते. काम थांबवलं आणि तेल लावलं की लवकर सुधारते.

दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा. इथे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू ठरवते. सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी त्याची नोंद होते. फरक एवढाच, की हा बोजा सहसा उतरत नाही. पुढे त्या पदार्थाचा अगदी थोडा अंश लागला तरी पुरळ उठतं. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. बिब्बा एकाला उततो, दुसऱ्याला उतत नाही. आंब्याच्या चिकाने एखाद्याचं तोंड सुजतं आणि शेजारचा तोच आंबा देठाला तोंड लावून चोखतो. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातली झाडं आहेत, म्हणून एकाचा त्रास असलेल्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. मूर्तिकामातल्या रसायनांचंही असंच आहे: एक पदार्थ भोवला, तर त्याच्या गोतावळ्यातल्या बाकीच्यांवरही नजर ठेवावी लागते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘वीस वर्षं हाच रंग वापरतोय, मग आताच कशी ॲलर्जी होईल?’ होते. नोंद व्हायला कमीत कमी दहा-बारा दिवस लागतात, पण ती वीस वर्षांनीही होऊ शकते. शिवाय आधी कोरडी पडून फाटलेली कातडी त्या पदार्थाला आत शिरायला वाट करून देते. म्हणजे पहिल्या प्रकारचा त्रास दुर्लक्षित ठेवला की दुसऱ्याची शक्यता वाढते. भेगांवर वेळीच तेल लावणं म्हणूनच महत्त्वाचं.

प्लास्टरच्या बाबतीत आणखी एक धोका ॲलर्जीशी संबंधित नाही, पण सांगायलाच हवा. प्लास्टर घट्ट होताना तापतं. मोठ्या गोळ्यात तापमान साठ अंशांच्या घरात जाऊ शकतं. इंग्लंडमध्ये २००७ साली एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने हाताचा ठसा घेण्यासाठी प्लास्टरच्या बादलीत हात रोवले, ते आतच घट्ट झालं आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. सुट्टीत कारखान्यात आलेल्या मुलांना बादलीत हात घालून खेळू देऊ नका.

कोणत्या टप्प्यावर काय भेटतं

डॉक्टरांकडे जाण्याआधी आपल्या कामाचे टप्पे डोळ्यांसमोर आणा.

*साचा.* रबरी साच्यासाठी पातळ लॅटेक्सचे थर देतात. तो नैसर्गिक रबराचा चीक असतो आणि टिकावा म्हणून त्यात अमोनिया घालतात. डबा उघडल्यावर डोळ्यांत झोंबतो तो हाच. रबर पक्कं होण्यासाठी मिसळलेली रसायनं ही हातावरच्या इसबाची जुनी आणि नेहमीची कारणं आहेत. रबरी हातमोजे आणि रबरी चपला यांतही तीच रसायनं असतात. चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी आणि जास्त गंभीर: त्यात काही मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, क्वचित श्वास कोंडतो. अशा माणसाला केळं, पपई किंवा किवी खाल्ल्यावरही तोंडात खाज येऊ शकते. दातांच्या उपचाराआधी आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी त्याने ‘मला रबराची ॲलर्जी आहे’ हे सांगायलाच हवं.

*ओतकाम आणि घासकाम.* प्लास्टरची खरी ॲलर्जी क्वचितच होते. त्रास होतो तो कोरडेपणाचा आणि धुळीचा. मजबुतीसाठी वापरलेल्या काथ्याचे तंतू टोचतात. शाडूची ॲलर्जी सहसा होत नाही, पण सुकलेला शाडू खरवडताना उडणारी बारीक माती फुप्फुसाला चांगली नाही. फायबरच्या मूर्ती करणाऱ्यांना काचतंतूंची खाज वेगळी आणि रेझिन-हार्डनरची ॲलर्जी वेगळी, हे लक्षात ठेवावं.

*रंगकाम.* ‘वॉटर कलर आहे, काही होत नाही’ हे वाक्य कारखान्यात हमखास ऐकू येतं. पाण्यात मिसळणारा रंग डब्यात कुजू नये म्हणून त्यात जंतुरोधक द्रव्यं घालतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याला अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ‘वर्षाचं ॲलर्जन’ ठरवलं होतं. ते हवेतूनही त्रास देतं. नुकत्याच रंगवलेल्या खोलीत बसल्यावर काहींचा चेहरा लाल होतो. फ्लोरोसंट रंगांच्या भुकटीत बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइडपासून केलेली राळ असते. चीडाच्या झाडापासून काढलेलं अस्सल टर्पेंटाइन ॲलर्जी आणतं. खनिज टर्पेंटाइन आणि थिनर मुख्यतः कातडी जाळतात. दोन डब्यांतून मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि ती जगभर कामामुळे होणाऱ्या दम्याच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक मानली जातात.

*सजावट.* हिरे-टिकल्या चिकटवायच्या गोंदांत मोठा फरक आहे. पांढऱ्या गोंदात वरचीच जंतुरोधक द्रव्यं असतात, पिवळ्या घट्ट गोंदात आणखी एक ॲलर्जीकारक राळ असते, आणि दोन ट्यूबांतून मिसळायचा इपॉक्सी कडक होईपर्यंत सर्वांत जास्त त्रासदायक. स्वस्त धातूच्या दागिन्यांतलं निकेलही भोवतं. बांगडीखाली किंवा घड्याळाखाली चट्टा असेल तर आधी निकेलचा संशय घ्या.

आपलं आपण काय तपासावं

संशयित पदार्थ हातावर चोपडून घरी ‘टेस्ट’ करू नका. थिनर, इपॉक्सी किंवा हार्डनर नुसता लावला तर कोणाचीही कातडी भाजेल, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, जागा. बोटांची टोकं आणि बेचकं म्हणजे हाताने धरलेली वस्तू किंवा गोंद. मनगटापर्यंत नेमकी रेघ असेल तर हातमोजा. पापण्या, मान, कपाळ असेल तर हवेतून येणारा रंग किंवा धूळ, नाहीतर बोटांवरून डोळ्यांपर्यंत गेलेलं काही. पावलांवर पट्ट्यांच्या आकाराचा चट्टा असेल तर चप्पल.

दुसरी, वेळ. कातडीची ॲलर्जी लागलीच दिसत नाही. पदार्थ लागल्यापासून एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. म्हणून ‘आज काय केलं’ यापेक्षा ‘परवा काय केलं’ हा प्रश्न जास्त उपयोगी. मंगळवारी खाज वाढली तर रविवारचं काम आठवा.

तिसरी, सुट्टी. काम बंद असताना त्रास कमी होतो का? गावाला गेल्यावर, लग्नसराईत, गणपती गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत? आणि पुन्हा कोणतं काम हाती घेतल्यावर उलटला? एवढी नोंद महिनाभर ठेवली तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. व्यवसायजन्य आजारांवरचा पहिला मोठा ग्रंथ इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली लिहिला. रुग्णाला ‘तू काम काय करतोस?’ हे विचारायलाच हवं, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

सोबत मोबाइलमध्ये तीन फोटो असू द्या: पुरळ सर्वांत जास्त असतानाचा, वापरात असलेल्या प्रत्येक डब्यावरच्या लेबलचा आणि काम करताना तुमचे हात कुठे असतात त्याचा. सुटं थिनर किंवा सुटा गोंद आणत असाल तर लेबल मिळणारच नाही. त्या दुकानदाराकडे मूळ कंपनीचं नाव विचारा. कंपन्या आपल्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक देतात, त्यात घटक आणि धोके लिहिलेले असतात. मोठी खरेदी करणाऱ्या कारखानदाराने ते मागून घेऊन फाइलला लावावं.

पॅच टेस्ट

रक्ताच्या तपासणीने किंवा टोचून केलेल्या चाचणीने अशी उशिरा उठणारी ॲलर्जी कळत नाही. तिच्यासाठी पॅच टेस्ट असते. योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तत्त्वतः तीच आहे. ठरलेल्या पदार्थांचे थोडे थोडे अंश छोट्या कप्प्यांत भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. भारतात यासाठी नेहमीच्या पदार्थांचा ठरलेला संच आहे. रबर, निकेल, क्रोमियम, राळ, फॉर्माल्डिहाइड, इपॉक्सी त्यात येतात.

त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामाचं काम करायचं नाही. म्हणून जून ते ऑगस्टच्या घाईत ही टेस्ट जमत नाही. गणपती गेल्यावर थंडीत करून घ्यावी. पाठीवर पुरळ असेल किंवा पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर निकाल चुकू शकतो, ते आधी सांगा. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत चौकशी करा. दोन-तीनदा जावं लागतं, तेव्हा कोणत्या वारी टेस्ट लावतात ते विचारूनच निघा. आणि निकाल कागदावर, पदार्थाच्या नावानिशी लिहून घ्या.

दुकानातली ट्यूब

पेण असो वा रोहा, मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की अनेकदा तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब हातात येते. तिच्यात तीव्र स्टेरॉइड असतं, त्यामुळे दोन दिवसांत आराम वाटतो. पण कारण तसंच राहतं, कातडी पातळ होते, गजकर्ण असेल तर ते दबून पसरतं, चेहऱ्यावर डाग पडतात. त्यातच काही ट्यूबांमध्ये निओमायसिन असतं, आणि ते स्वतःच ॲलर्जी आणणारं म्हणून प्रसिद्ध आहे. स्टेरॉइड वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेले दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. फक्त ते चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

हात, हातमोजे आणि मास्क

हाताला लागलेला रंग थिनरने किंवा रॉकेलने पुसायची सवय ताबडतोब सोडा. ऑइल पेंट लागला असेल तर आधी खाण्याचं तेल चोळा, चिंधीने पुसा, मग सौम्य साबणाने धुवा. कपड्यांचा साबण आणि भांड्यांची पावडर हातासाठी नाही. धुतल्यावर बोटांची बेचकं कोरडी करा आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. रात्री झोपताना जाडसर थर लावून सुती मोजे चढवले तर भेगा लवकर भरतात.

हातमोजा कामाला साजेसा हवा. रबराची ॲलर्जी असेल तर नायट्राइलचा घ्या. पातळ नायट्राइल रंग आणि गोंदाच्या शिंतोड्यांपुरता ठीक. थिनर त्यातून काही मिनिटांत आत उतरतो, तेव्हा भिजला की टाकून द्या. इपॉक्सीसाठीही तसंच. मोज्याच्या आत सुती अस्तर घातलं तर घामाने कातडी भिजून सुटत नाही. आणि आधीच रंगाने माखलेला हात मोज्यात घालणं म्हणजे तोच पदार्थ दिवसभर कातडीवर दाबून धरणं. फिरत्या यंत्राजवळ मात्र मोजे घालू नका.

तोंडावर बांधलेला रुमाल बारीक धूळ थांबवत नाही. घासकामाला एन-९५ मास्क चालतो, पण तो थिनरची वाफ अडवत नाही. गनने ऑइल पेंट किंवा लॅकर मारणाऱ्याला वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क लागतो. वास येऊ लागला की ते डबे बदलायचे. पंखा समोरून लावला तर रंगाचा फवारा तुमच्याच तोंडावर येतो. हवा तुमच्या पाठीकडून मूर्तीकडे आणि तिथून बाहेर जाईल अशी रचना करा. झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. शक्य तेवढं घासकाम प्लास्टर अर्धओलं असतानाच उरका. धूळ निम्म्याने तरी कमी होईल.

दम लागत असेल तर थांबा

कातडीची ॲलर्जी त्रास देते. फुप्फुसाची जीव घेऊ शकते. काम सुरू केल्यावर शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं ही पहिली पायरी. त्यानंतर रात्री खोकला, छातीत शिट्टी, जिना चढताना दम. रविवारी बरं आणि सोमवारी पुन्हा, असं चक्र दिसलं तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि फुंकून मोजायच्या साध्या यंत्राने कामाच्या व सुट्टीच्या दिवसांतले आकडे नोंदवा. कामामुळे झालेल्या दम्यात नुसता पंप घेऊन त्याच हवेत बसणं धोक्याचं. कारण लवकर दूर केलं तर दमा पुष्कळदा सुधारतो. वर्षानुवर्षं तसाच रेटला तर काम सोडूनही राहतो. इथे तडजोड नाही: हार्डनरवाला रंग ज्याला भोवला, त्याने तो मारू नये आणि कोणी मारत असताना त्या शेडमध्येही थांबू नये.

लहानपणी इसब किंवा दमा असलेल्या मुलांना धंद्यात आणताना पहिल्या दिवसापासून गन हातात देऊ नका.

धंदा नको, जागा बदला

मूर्तिकामाची एक सोय इतर बऱ्याच धंद्यांत नाही. इथलं काम आधीपासूनच तुकड्यांत वाटलेलं आहे: मातीकाम, साचे, ओतकाम, घासकाम, बॉडी कलर, शेडिंग, डोळ्यांची आखणी, सजावट, बांधणी, हिशोब. रबर भोवतं त्याला साच्यावरून काढून आखणीवर बसवता येतं. गोंदाची ॲलर्जी असलेली ताई शाडूचं हातकाम करू शकते. पांढऱ्या गोंदातल्या जंतुरोधकाची ॲलर्जी निघाली तर पाण्याच्या रंगापासूनही सांभाळावं लागेल, पण ओतकाम मोकळं आहे. पॅच टेस्टच्या कागदाचा खरा उपयोग इथे होतो: कोणती जागा बंद आणि कोणत्या उघड्या, हे तो सांगतो.

कधी कधी माणूस हलवण्यापेक्षा पदार्थ बदलणं सोपं असतं. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे गवंड्यांचे हात वर्षानुवर्षं फुटत. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला सुरुवात केली आणि ती ॲलर्जी तिथे झपाट्याने कमी झाली. कारखान्यातही पिवळ्या गोंदाऐवजी दुसरा, दोन डब्यांच्या रंगाऐवजी साधा, असे बदल करता येतात. मात्र ‘इकोफ्रेंडली’ लिहिलं म्हणजे हाताला निर्धोक, असं समजू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं पाण्याच्या रक्षणासाठी आहेत. कागदाच्या लगद्यातही डिंक आणि टिकाऊपणाची द्रव्यं येतात, तेव्हा नवा माल आणला की त्याचंही लेबल वाचा.

कारखानदारांसाठी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टातल्या नोंदवायच्या आजारांत रसायनं आणि रंगांच्या संपर्काने होणारा त्वचारोग स्पष्टपणे होता. हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. घरगुती आणि छोटे कारखाने कायद्याच्या कक्षेत येत नसले तरी हात तेच आणि रंगही तेच.

सुरुवात स्वस्त आहे. नळाजवळ सौम्य साबण, खाण्याचं तेल आणि स्वच्छ फडकी ठेवा. फवाऱ्याची जागा बाकीच्यांपासून वेगळी करा. डब्यांची झाकणं लावून ठेवा आणि सुटं थिनर पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. दर महिन्याला प्रत्येकाचे हात एकदा बघा, आणि कोणी ‘खाज येते’ म्हणाला तर त्याची रोजी कापण्याऐवजी जागा बदला. रोजी जाण्याच्या भीतीनेच माणसं चतुर्थीपर्यंत गप्प बसतात, आणि ज्याचा हात बसायला वर्षं लागतात तो कारागीर त्या गप्प बसण्यात हातचा जातो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली खाज हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. टेस्ट थंडीत झाली तरी चालेल, पण पदार्थाची नोंदवही आजपासूनच सुरू करा.